विषय: खोक्यात काय घालायचं? (नाना, उत्तर द्याच)

प्रेषक: आक्का, ओहायो

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीचे मेल सुरू व्हायच्या आत हा एक टाकते, नाहीतर त्या गर्दीत हरवेल.

आमच्या ऑफिसात दोन वर्षांपासून एक उद्योग चालतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा मुलगा अमेरिकन सैन्यात आहे, त्याला कुवेतला पाठवलं. बाईंनी त्याच्यासाठी खोकं भरायला घेतलं. कुणी मोजे दिले, कुणी सरबताच्या पुड्या, मग त्याच्या मित्रांसाठीही आलं, आणि बघता बघता महिन्याला सहा-सात खोकी जायला लागली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसून भरतो. लष्करी पत्त्यासाठी इथल्या पोस्टाची ठरावीक दराची खोकी मिळतात. सत्तर पौंडांच्या आत कितीही कोंबा, पैसे तेवढेच, आणि माल कुवेतला गेला तरी हिशेब देशातल्या टपालाचा, वर थोडी सूट. मात्र कस्टमच्या फॉर्मवर एकेक जिन्नस लिहावा लागतो. नुसतं ‘खाऊ’ लिहून चालत नाही, हे पहिल्याच खेपेला खिडकीवरून परत येऊन शिकले.

डुकराच्या मांसाचं काही चालत नाही, दारू नाही, फवाऱ्याचे डबे नाहीत. उन्हाळ्यात चॉकलेट पाठवू नये, हा काही नियम नाही, पण एकदा पाठवलं तर ते पोराच्या नव्या मोज्यांत जिरलं. आणि नाव नसेल तर काहीच जात नाही. पूर्वी म्हणे ‘कोणत्याही सैनिकास’ असं लिहून टाकलं तरी पोचायचं. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सची पाकिटं फिरली, तेव्हापासून ते बंद झालं.

मागच्या आठवड्यात टेप लावता लावता मनात आलं, माझ्या अमळनेरच्या गल्लीतली तीन पोरं फौजेत आहेत, आणि मी कुवेतला पायाची पावडर पाठवत बसलेय. नाना, तुम्ही जळगावला परत गेल्यावर कारखान्यात असलंच काही चालू केल्याचं कानावर आलंय. सविस्तर लिहा. आपल्या इथल्या अमेरिकेतल्या मंडळाला त्यात काही करता येईल का?

— आक्का

प्रेषक: नाना, जळगाव

आक्का आणि समस्त मंडळी, राम राम.

‘चालू केलं’ म्हणजे फारच झालं. ते चालू झालं, आणि मी त्यात आधी घोळ घातले.

पुतण्याचा एमआयडीसीत चटयांचा कारखाना आहे. प्लॅस्टिकच्या चटया, तुमच्या सगळ्यांच्या आजोळी ओट्यावर असायच्या त्याच. मी हिशेब बघतो, म्हणजे पुतण्या मला बघू देतो. मागच्या वर्षी नवरात्रात पॅकिंगमधल्या एक मावशी कापडात बांधलेला डबा घेऊन टेबलाशी आल्या. "नाना, इंग्रजीमा पत्ता लिखी द्या." मुलगा लडाखला. मग यंत्रावरच्या एकाचा भाऊ राजस्थानात निघाला, बिलं करणाऱ्या पोरीचा मामेभाऊ अरुणाचलला. चहाच्या सुट्टीत मोजले तर एका छताखाली नऊ पत्ते.

पहिलं खोकं मी ऐटीत भरलं. यावलकडच्या केळीच्या वेफरच्या बारा पुड्या, साजूक तुपातले बेसनाचे लाडू, मावशींची शेंगदाण्याची चटणी. वर ठसठशीत अक्षरात नाव आणि खाली ‘लेह, लडाख’. पाच आठवड्यांनी खोकं जसंच्या तसं परत. पोस्टातल्या माणसानं वर लाल पेनानं काहीतरी खरडलेलं, ते आजतागायत कुणाला वाचता आलेलं नाही.

आमच्या गेटवर एक निवृत्त हवालदार बसतात. सियाचिनवर काढून आलेला माणूस. १९८४ च्या एप्रिलपासून तिथं आपली फौज बसलीय हे आपण पेपरात वाचतो, यांच्या पायाच्या दोन बोटांवर ते लिहिलेलं आहे. त्यांनी परत आलेल्या खोक्यावरचा पत्ता वाचला आणि मला जे बोलले ते या मेलच्या यादीवर लिहिण्यासारखं नाही. मथितार्थ असा: फौजी पत्त्यात गाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, तुकडी, द्वारा ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. पूर्वेकडचा असेल तर ९९ एपीओ. आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड. तिथून पुढे कुठल्या डोंगरावर न्यायचं ते फौजेचं टपाल बघून घेतं. गाव लिहिलं की खोकंही भरकटतं आणि पोरगा कुठं आहे ते वाटेतल्या दहा जणांना कळतं. तेव्हापासून पत्त्यांची वही त्यांच्या खणात कुलपात असते. मी मागितली तर "कामाशिवाय नाही" म्हणतात, पगार मीच काढतो तरी. या यादीवरही कुणी भाच्या-पुतण्याची तुकडी लिहू नका, हात जोडून सांगतो.

दुसरं खोकं पोचलं. व्हॉट्सअॅपवर पोराचा आवाज आला, बारा सेकंदांचा: "नाना, चटणी तीन दिनमा संपनी. वेफर रस्तामाच फुटनात. लाडू ठेयेल शेतस, उन्हाळामा खासूत."

मला वाटलं, कुणीतरी खोकं आपटलं असणार. तसं नव्हतं. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. तिथं हवेचा दाब आपल्या दोन-तृतीयांशच. इथली हवा भरून बंद केलेली पुडी जसजशी वर चढते तसतशी फुगत जाते आणि शिवणीला जिथं कच्ची असेल तिथं फाटते. तीस वर्षं तुमच्यात राहून इंजिनिअर म्हणून पगार घेतला, आणि हे कळायला मला वेफर फुटावे लागले. आता पुडीला कोपऱ्यात चीर देऊन, तळहातानं दाबून सगळी हवा काढतो आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून कड फिरवून परत चिकटवतो. वेफरचा भुगा होतो, पण तो भुगा पोचतो. चमच्यानं खातात म्हणे.

लाडवाचं तर हवालदारांना आधीच माहीत होतं. तूप गोठलं की लाडू आणि गोटा यांत फरक नाही. त्यांच्या वेळी कुणाच्या तरी घरून आलेला लाडू तंबूची खुंटी ठोकायच्या हातोडीनं फोडला होता, आणि तुकडे गालात धरून बसायचे. मग लाडू बंद करायचे का? "आई पाठोस तर येऊ द्या," म्हणाले. पण भरवसा चटणीवर. त्या उंचीवर भूकच मरते, समोरचं अन्न नकोसं होतं. लसूण-तिखटाचं काही असलं की चार घास जातात.

आमच्या बायामाणसांच्या यादीत आधी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, होते. त्यावर पॅकिंगमधल्याच एका आजींनी विचारलं, "तठे त्याले बिबडा कोन भाजी दी?" विषय संपला.

रोटांचा विषय मात्र सहज संपला नाही. यंदा श्रावणात मावशींना कानबाईचे रोट, म्हणजे आपल्या खानदेशातल्या त्या देवीच्या प्रसादाच्या पोळ्या, पाठवायचे होते. तुम्हाला ठाऊक आहे, रोट भाऊबंदकीतच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. पोराच्या खोलीत एक गढवाली, एक तमिळ, एक साताऱ्याचा. ते भाऊबंद धरायचे का? दोन दिवस कारखान्यात हाच वाद. कुणी म्हणे एका ताटात जेवतात म्हणजे झालेच, कुणी म्हणे कानबाईला असं चालत नाही, पुतण्या म्हणे आधी ऑर्डर पूर्ण करा. शेवटी हवालदारांनी बोटांवर हिशेब केला: पोचायला पंधरा-वीस दिवस, तोवर पौर्णिमा टळून जाते. रोट गेले नाहीत. मावशींनी घरी ताट वाढून फोटो पाठवला, आणि पोरगा त्यावर दोन दिवस रुसला होता.

बाकी कामाचं आता बसलंय. शनिवारी शेवटचा तास. चटईच्या कातरणांचं अस्तर आतून चारी बाजूंनी लावतो. ते फुकटचं, आणि पाणी आत येऊ देत नाही. वरून मांजरपाट, दाभणानं शिवलेला. टेप कितीही लावा, हवालदारांना टाक्यांशिवाय चैन पडत नाही. शिवण्याआधी ते प्रत्येक खोकं उलटं करून हलवतात. एकदा त्यातून सिगारेटचा लायटर पडला. यंत्रावरच्या पोरानं मित्रासाठी हळूच सरकवलेला. विमानातून जाणाऱ्या टपालात तसलं काही घातलं तर सगळ्यांचीच खोकी अडकतात, त्या पोराला अर्धा तास उभं केलं.

आणि दिवाळीचं खोकं दसऱ्याला नव्हे, गणपतीतच टाकायचं. बर्फानं झोजिला, म्हणजे श्रीनगरहून लेहला जायच्या रस्त्यावरची खिंड, बंद झाला की रस्त्याची वाट संपते, मग विमानात जागा होईल तसं टपाल पुढे सरकतं. राजस्थानवाल्याला ही घाई नाही, पण त्यानं पहिल्या खोक्यानंतर कळवलं: खायचं पुरे, नेलकटर पाठवा. आठ जणांत एकच होतं, तेही हरवलं. आम्ही आठ पाठवली.

मंडळानं काय करायचं ते मला सुचत नाही, खरंच. खोकी भरतात, टपालखर्च कारखान्यातल्याच वर्गणीतून निघतो.

— नाना

प्रेषक: धाकटा, टेक्सास

नाना, एक नंबर! खर्चाचं टेन्शन घेऊ नका. मंडळाच्या खात्यातून पाचशे डॉलर लगेच निघतील. क्यूआर पाठवा.

प्रेषक: नाना, जळगाव

अरे भो, खर्च निघतो म्हटलं ना. शिवाय क्यूआर-बिआर काही नाही, आणि असता तरी दिला नसता. परदेशी मंडळाच्या खात्यातून इथल्या गटाला पैसे आले की ती विदेशी देणगी. ती घ्यायला २०१० च्या कायद्याखाली नोंदणी नाहीतर परवानगी लागते. आमची नोंदणी म्हणजे हवालदारांची वही. तुझ्यासारख्यांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, स्वतःच्या कमाईतले बँकेमार्फत पाठवले तर गोष्ट वेगळी. पण मंडळातले निम्मे ओसीआयवाले, म्हणजे मूळचे भारतीय पण आता परदेशी पासपोर्टचे, त्यांचे पैसे परदेशीच धरतात. कुणाचा कोणता पासपोर्ट ते मी इथं बसून तपासू का?

पैसे सुटत नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. तुझ्या वडिलांना सांग, चोपड्याहून जाऊन देऊन येतील. त्यांनाही जरा घराबाहेर पडायला निमित्त. आणि काकूंना सांग, गावातला कुणी फौजेत असेल तर त्याच्या आईकडून पत्ता नीट लिहून घ्या, चिठ्ठी हवालदारांच्या हातात द्या. माझ्या नको.

प्रेषक: आक्का, ओहायो

नाना, तुमचा मेल आईला फोनवर वाचून दाखवला. रोटांपाशी थांबवलं आणि म्हणाली, पौर्णिमा टळली हे बरंच झालं, नाहीतर तमिळ पोराला दुसऱ्या वर्षीपासून कानबाईला यावं लागलं असतं.

दोन गोष्टी. पहिली, तुमच्या आठ नेलकटरांचं मी ऑफिसात सांगितलं. आमच्या बाईंनी त्याच दिवशी मुलाला विचारलं, खरं काय हवंय ते सांग. दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, सरबताच्या पुड्या थांबवा, खाटेखाली दोनशे साठल्यात. जाड उशीचा अभ्रा पाठवा, आणि मागच्या वेळची ती लाल भुकटी.

लाल भुकटी म्हणजे आपली चटणी. जागा उरली होती म्हणून मी एक डबी सरकवली होती, कस्टमच्या फॉर्मवर ‘शेंगदाण्याचा मसाला’ लिहून. आता बाईंना ती स्वतः करायची आहे आणि त्या वाटी-चमच्यात प्रमाण मागतात. मी आयुष्यात मोजलेलं नाही. मावशींना विचाराल का?

प्रेषक: नाना, जळगाव

विचारलं. त्यांनीही मोजलेलं नाही. मग त्यांच्याकडून माझ्यासमोर करवून घेतली आणि प्रत्येक मुठीला वाटी आडवी धरली. दोन वाट्या शेंगदाणे, मंद आचेवर, सालं सुटेपर्यंत. लसणाची एक गड्डी, सोलून जरा तव्यावर फिरवून, ओली राहिली तर बुरशी येते. जिरं एक चमचा, मीठ. तिखट आम्ही तीन चमचे घालतो, तुमच्या बाईंना एकापासून सुरू करू दे. खोबरं घालू नका, उन्हात खवट होतं. कुटायचं खलबत्त्यात. मिक्सर लावलाच तर थांबत थांबत, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबीचं झाकण लावायचं नाही. हे मावशींनी तीनदा सांगितलं.