अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा उमेदवार खरोखर कोण ठरवतो?

प्रश्न
२०२४ मध्ये मिलवॉकीच्या रिपब्लिकन अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी ट्रम्प यांनी उपाध्यक्षपदासाठी जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले आणि अधिवेशनात मतदान करणाऱ्या पक्षाच्या प्रतिनिधींनी ते त्याच दिवशी आवाजी मतदानाने मंजूर केले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या टिम वॉल्झ यांचे नाव तर शिकागोचे अधिवेशन भरण्यापूर्वीच ठरले होते. मग प्रतिनिधींच्या हाती नेमके काय उरते?

प्रतिसाद १
नियमानुसार उमेदवारी आजही अधिवेशनच देते. प्रत्यक्षात मात्र निवड अध्यक्षपदाचा उमेदवार करतो. पूर्वी पक्षातील वजनदार पुढारी हे नाव ठरवत आणि त्यात नाराज गटाची किंवा एखाद्या प्रांताची समजूत काढण्याचा हेतू असे. १९४० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आपले कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्यासाठी हट्ट धरला, ते नसतील तर आपण उमेदवारीच स्वीकारणार नाही असे बजावले आणि नाराज प्रतिनिधींना शांत करण्यासाठी त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना शिकागोच्या व्यासपीठावर यावे लागले. आजच्या प्रथेचे मूळ मला तिथे दिसते.

प्रतिसाद २
त्यानंतरचे १९४४ चे अधिवेशन विसरता येणार नाही. रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळली होती आणि आपण बहुधा पुढचा अध्यक्षच निवडत आहोत याची जाणीव पक्षातल्या जाणत्यांना होती. रूझवेल्ट यांनी एका पत्रात, आपण प्रतिनिधी असतो तर वॉलेस यांनाच मत दिले असते, असे लिहिले. दुसऱ्या पत्रात सिनेटर हॅरी ट्रुमन किंवा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्यापैकी कोणीही चालेल, असे कळवले. वॉलेस यांच्या नावाचा सभागृहात जयघोष सुरू असतानाच त्या रात्रीचे कामकाज तहकूब करण्यात आले. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस यांना ४२९.५ आणि ट्रुमन यांना ३१९.५ मते पडली, तरी दुसऱ्या फेरीत राज्यांमागून राज्ये ट्रुमन यांच्याकडे वळली. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि ट्रुमन अध्यक्ष झाले. एवढा मोठा निर्णय पुढाऱ्यांच्या बंद खोलीतील बैठकांतून व्हावा हे मला मुळीच पटत नाही. पण तो एकाच माणसाच्या मर्जीवर सोडणे हाही त्यावरचा उपाय नव्हे.

प्रतिसाद ३
१९५६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी ही निवड पूर्णपणे प्रतिनिधींवर सोपवली होती. दुसऱ्या फेरीत जॉन केनेडी बहुमताच्या अगदी जवळ पोहोचले, पण टेनेसीचे इच्छुक आल्बर्ट गोर यांनी केनेडींचे प्रतिस्पर्धी एस्टेस कीफॉव्हर यांच्यासाठी माघार घेतली आणि पारडे फिरले.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अधिवेशन संपल्यावर उमेदवारानेच माघार घेतली तर?

प्रतिसाद १
तेव्हा पक्षाची राष्ट्रीय समिती नवे नाव ठरवते. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांनी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी घाईघाईने थॉमस ईगल्टन यांना निवडले. नैराश्यासाठी त्यांच्यावर विजेच्या धक्क्यांचे उपचार झाले होते, हे नंतर उघड झाले. त्यांच्या माघारीनंतर डेमोक्रॅटिक समितीने सार्जंट श्रायव्हर यांना उमेदवारी दिली. या प्रसंगापासून धडा घेऊन १९७६ मध्ये त्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार कार्टर यांनी इच्छुकांची कसून चौकशी केली, त्यांच्या प्रत्यक्ष भेटी घेतल्या आणि मगच वॉल्टर मॉन्डेल यांचे नाव पक्के केले.