जमिनीखालचा हेलियम आपापल्या देशाने शोधावा का? मला वाटतं शोधावाच

गळतीतपास:
मी लीक टेस्टिंगच्या कामात आहे. व्हॅक्यूमची भांडी, रेफ्रिजरेशनच्या कॉइल्स वगैरे. भांड्यातली हवा पंपाने पूर्ण ओढायची, डिटेक्टर जोडायचा आणि बाहेरून वेल्डच्या कडेकडेने बारीक नळीने हेलियम सोडत जायचं. नजरेला कधीच दिसणार नाही असं भोक असलं तरी हेलियम आत घुसतो आणि दोन-तीन सेकंदात डिटेक्टर ओरडतो. नायट्रोजनमध्ये पाच टक्के हायड्रोजन मिसळून वापरतात तेही करून पाहिलं, ढोबळ कामाला चालतं, पण ज्या जॉबला हेलियम टेस्टचं सर्टिफिकेट लागतं तिथे गिऱ्हाईक ऐकत नाही.

मागच्या टंचाईत आमच्या सप्लायरने कोटा लावला. आधी हॉस्पिटलं, मग चिपवाले, आणि आम्ही रांगेत शेवटी. तयार जॉब सहा आठवडे रॅकवर धूळ खात पडले, फक्त टेस्ट बाकी म्हणून.

आता हा माल येतो कुठून बघा. जगातला बहुतेक हेलियम अमेरिका आणि कतार या दोन देशांतून निघतो. २०१७ च्या जूनमध्ये सौदीने कतारची सीमा बंद केली, कंटेनर रस्त्याने जायचे ते अडकले आणि कतारचे हेलियम प्लांट बंद पडले, म्हणजे जगाचा साधारण पाव हिस्सा पुरवठा एका भांडणात थांबला. मग रशियाच्या अमूरच्या नव्या प्लांटवर सगळ्यांनी आशा लावली, तर तिथे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आग आणि २०२२ च्या जानेवारीत स्फोट. युरोपियन युनियनने हेलियम २०१७ ला महत्त्वाच्या कच्च्या मालाच्या यादीत घातला, २०२० ला काढला, २०२३ ला परत घातला, म्हणजे त्यांनाही कळून चुकलं.

म्हणून माझं म्हणणं, ज्या देशाकडे जुने ग्रॅनाइटचे खडक आहेत त्याने सरकारी पैशातून हेलियमचा शोध घ्यायला हवा. भूजलाचा सर्व्हे करतो ना, तसाच.

हिशेबी:
तुमची अडचण खरी आहे पण उपाय पटत नाही. कतारच्या गॅसमध्ये हेलियम किती असतो माहितीये? ०.०४ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा प्रमाणाला कोणी विहीर खणणार नाही, तरीही तो परवडतो, कारण तिथे मिथेन तसाही थंड करून द्रव करतातच, सगळं द्रव झालं की वर हेलियम उरतो, तो गोळा करायचा. विहिरीचा, पाइपलाइनचा, थंड करण्याचा खर्च मिथेन उचलतो. तुम्ही नुसत्या हेलियमसाठी खणलंत तर हा सगळा खर्च एकट्या हेलियमच्या डोक्यावर येणार.

टांझानियाचं रुक्वा खोरं घ्या. २०१६ ला जाहीर झालं, ५४ अब्ज घनफूट असल्याचा अंदाज, जगभर बातम्या. पहिली विहीर २०२१ ला, तिच्यात अडचणींवर अडचणी. चाचणीत हेलियम वर वाहून आला तो २०२४ ला. आठ वर्षं गेली आणि तेव्हाही हातात सिलिंडर नव्हता, नुसती चाचणी होती. तुमच्या रॅकवरचे जॉब एवढं थांबतील का?

खडकफोड्या:
हिशेबी, आठ वर्षं लागतात म्हणूनच आज सुरू करायचं ना. गरज पडेल त्या दिवशी सुरू केलं तर आणखी आठ वर्षं.

थोडं खडकांबद्दल सांगतो, कारण हेलियम म्हणजे नैसर्गिक वायूचं शेपूट अशी समजूत आहे आणि ती अर्धवट आहे. हेलियम बनतो युरेनियम आणि थोरियममधून. युरेनियम-२३८ चा एक अणू शिसं होईपर्यंत आठ अल्फा कण सोडतो, थोरियम-२३२ चा सहा, आणि अल्फा कण म्हणजेच हेलियमचं केंद्रक. जुन्या ग्रॅनाइटमध्ये हे अब्जावधी वर्षं चालू आहे. पण तो खनिजाच्या दाण्यात अडकून बसतो, सुटायला उष्णता लागते. रुक्वात ते काम आजूबाजूच्या ज्वालामुखींच्या उष्णतेने केलं. सुटलेला हेलियम स्वतः फार थोडा, त्याला वर वाहून आणायला नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि वर मीठ नाहीतर अॅनहायड्राइटचं (जिप्समसारखं खनिज, पण पाण्याचा अंश नसलेलं) घट्ट झाकण लागतं. साधा शेल, म्हणजे चिखल दाबून झालेला खडक, मिथेनला अडवतो, पण हेलियम त्यातूनही हळूहळू झिरपून जातो. म्हणजे मिथेन नसलेल्या जागीही हेलियम असू शकतो, आणि अशा जागा तेलवाल्यांनी कधी हेलियमसाठी पाहिल्याच नाहीत.

१९०३ ची गोष्ट, अमेरिकेतल्या कॅन्ससमधलं डेक्स्टर गाव. मोठा गॅस लागला म्हणून गाव जमलं, पेटवायचा समारंभ, गवताचा पेटता भारा गॅसपाशी नेला तर भाराच विझला. परत परत केलं, तेच. दोन वर्षांनी कॅन्सस विद्यापीठात तपासलं तर ७२ टक्के नायट्रोजन, १५ टक्के मिथेन आणि १.८४ टक्के हेलियम. गावाचा विरस झाला, पण जमिनीत हेलियम साठून राहतो हे त्या न पेटणाऱ्या गॅसमुळेच कळलं.

क्रायोताई:
मी विरोधात आहे, आणि मी रोज द्रवरूप हेलियम हाताळते. उणे २६९ अंशाला उकळणारा पदार्थ आहे, कितीही चांगलं भांडं घ्या, थोडाथोडा उडतच राहतो. चाळीस फुटी कंटेनरसुद्धा साधारण महिना-सव्वा महिना दम धरतो, मग दाब वाढून सोडून द्यावा लागतो. म्हणून बंदरात उशीर झाला की माल वाटेतच जातो.

आमच्या लॅबमधले मोठे मॅग्नेट द्रव हेलियमने थंड ठेवावे लागतात. बारा वर्षं प्रत्येक मॅग्नेट भरताना उडालेला हेलियम खिडकीबाहेर जायचा. मॅग्नेटच्या तोंडाशी पांढरा धूर, नळीवर बर्फाचा थर, आणि आम्ही नुसतं बघत बसायचो. मग रिकव्हरी, म्हणजे उडालेला हेलियम परत गोळा करायची यंत्रणा, बसवली. आता छताखाली एक मोठी पिशवी आहे, मॅग्नेट भरायला घेतला की ती फुगत जाते, पूर्ण फुगली की कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो, सिलिंडर बँकेत भरतो, तिथून लिक्विफायर, जो वायूचा परत द्रव करतो. दहातला नऊ भाग परत मिळतो. पहिल्या महिन्यात मी रोज जाऊन ती पिशवी बघायचे, इतकी वर्षं आपण काय फेकत होतो ते डोळ्यांनी दिसत होतं.

एमआरआयचं तेच. जुन्या मशीनला दीड-दोन हजार लिटर लागतो, सीलबंद मॅग्नेटची नवी मशीन सात लिटरवर चालतात. खणायला पैसे आहेत तर आधी प्रत्येक विद्यापीठाला, प्रत्येक कारखान्याला रिकव्हरी द्या. ही खाण तुमच्या छतावर आहे.

वेल्डटॉर्च:
आधी फुगे बंद करा मग जमीन खणा.

गळतीतपास:
वेल्डटॉर्च, फुग्यांबद्दल पूर्ण सहमत.

क्रायोताई, तुमचं म्हणणं लॅबसाठी शंभर टक्के मान्य. पण मी नळीने उघड्यावर सोडतो, तो गोळा कसा करू? बंद पेटीत ठेवून करतात त्या चेंबर टेस्टमध्ये होतं, माझ्यासारख्या स्प्रे टेस्टमध्ये नाही होत. अॅल्युमिनियमच्या जाड प्लेटा वेल्ड करणाऱ्यांचंही तसंच, आर्गॉनमध्ये मिसळलेला हेलियम आर्कवरून निघून जातो.

आणि एक मुद्दा तुम्ही आणि हिशेबी, दोघांनी धरलाच नाही. द्रव का करतात? लांब न्यायचा असतो म्हणून. द्रवाचा एक लिटर म्हणजे वायूचे साडेसातशे लिटर, समुद्र ओलांडायला दुसरा मार्ग नाही. पण विहीर कारखान्यापासून दोन-तीनशे किलोमीटरवर असेल तर हेलियम शुद्ध करायचा, लांब नळकांड्यांच्या ट्रेलरमध्ये दाबून भरायचा आणि ट्रकने आणायचा. मला, वेल्डरला, क्रोमॅटोग्राफवाल्याला (मिश्रणातले घटक वेगळे करून तपासणाऱ्या लॅबला) वायूच लागतो. सगळ्यात महागडा टप्पा आमच्यापुरता गळूनच जातो. स्थानिक विहिरीचा फायदा म्हणजे नेमका हा.

दुसरीबाजू:
ट्रेलरचा मुद्दा चांगला आहे, पण विहीर तुमच्याजवळ असली म्हणून गॅस तुमचा होत नाही हो. शोध घेणारी कंपनी कर्ज काढायला आधी दहा-पंधरा वर्षांचे खरेदी करार करते, आणि असे करार मोठी गॅस कंपनी करू शकते, तुमचं वर्कशॉप नाही. टंचाईत तो ट्रेलर जास्त पैसे देणाऱ्याकडेच जाणार, तुमच्या गेटसमोरून.

सरकारी म्हणाल तर अमेरिकेचं उदाहरण समोर आहे. १९२५ पासून सरकारी हेलियम, टेक्सासमधल्या अमॅरिलोजवळ जमिनीखाली साठा. १९९६ ला कायदा केला की कर्ज फेडायला साठा विकून टाका, बाजार न बघता ठरवलेल्या भावाने. इतका स्वस्त माल बाजारात आल्यावर नवीन विहीर कोण खणणार आणि क्रायोताईंसारखी पिशवी कोण बसवणार? २०१३ ला दुसरा कायदा करून सावरायला बघितलं, शेवटी २०२४ मध्ये सगळं खाजगी कंपनीला विकलं. शोधणं सोपं आहे असं नाही म्हणत, पण खरा प्रश्न पुढचा आहे. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात २०११ ला खनिजासाठी खणताना अचानक गॅस लागला, त्यात दहा टक्क्यांवर हेलियम, आणि असा गॅस काढायचे नियमच राज्याकडे नव्हते. मालकी आणि वाटप आधी कागदावर आणा, रिग (विहीर खणायचं यंत्र) नंतर.

खडकफोड्या:
मालकीचं मान्य. पण मिनेसोटाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, तिथे कोणी शोधत नव्हतं, अपघाताने सापडलं. तेलासाठी खणून 'कोरडी' म्हणून बुजवलेल्या विहिरी प्रत्येक तेल शोधणाऱ्या देशात आहेत, त्यातल्या काहींच्या नोंदीत 'न पेटणारा गॅस, नायट्रोजन जास्त' एवढंच लिहून फाइल बंद केलेली असते. डेक्स्टरला निदान कोणीतरी नमुना विद्यापीठात नेला. रिग सोडा, आधी त्या फाइली उघडा, आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचे नमुने घ्या. पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या झऱ्यांच्या गॅसमध्ये एक टक्क्याहून जास्त हेलियम आहे, तिथे भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोसांच्या पुढाकाराने काम सुरू झालं होतं.

हिशेबी:
याला माझा विरोध नाही. फाइली वाचणं आणि झरे तपासणं याचा खर्च एका विहिरीपुढे काहीच नाही. फक्त त्यातून आकडा आला की लगेच 'साठा सापडला' म्हणू नका, झऱ्यात टक्केवारी असणं आणि खाली साठा असणं वेगळं.

क्रायोताई:
मलाही चालेल, रिकव्हरीचे पैसे त्यासाठी कापणार नसाल तर. एक विचारते, जुन्या विहिरींचे गॅसचे नमुने कुठे ठेवलेले असतील ना? तेच तपासले तर?

खडकफोड्या:
नाही ताई, तिथेच घोटाळा आहे. रबरी बुचाच्या बाटलीत ठेवलेला हेलियम केव्हाच निघून गेलेला असतो, काचेतूनसुद्धा झिरपतो. आम्ही तांब्याच्या नळीत नमुना घेतो, गॅस नळीतून बराच वेळ वाहू द्यायचा, मग दोन्ही टोकं स्टीलच्या क्लॅम्पमध्ये आवळायची, तांबं तांब्याला चिकटून बंद होईपर्यंत. पाना फिरवताना हाताला कळतं, आधी मऊ जातं, मग एकदम अडतं. जुने नमुने तसे घेतलेलेच नाहीत. म्हणून नोंदीवरून जागा निवडायची आणि जिथे जुन्या तोंडाशी अजून बुडबुडे येतात तिथे नवीन नळी घेऊन परत जायचं.

गळतीतपास:
बुडबुडे येणाऱ्या जुन्या विहिरींची यादी सार्वजनिक असते का? असेल तर मी माझा डिटेक्टर घेऊन तुमच्याबरोबर यायला तयार आहे, अचूक टक्केवारी नाही सांगता येणार, पण आहे की नाही एवढं तो जागेवर सांगेल.