बोटांच्या टोकांवर नाचणे: कला की छळ?

पंचवटीकर: काल एका संमेलनात बॅले नृत्यात दहा-अकरा वर्षांच्या मुलींना पायांच्या बोटांच्या टोकांवर चालवलेले पाहिले. हा परदेशी छळ नाशिकमध्ये कशासाठी हवा? त्यापेक्षा कथक शिकवा. त्यात पाऊल जमिनीवर राहते आणि काही दुखत नाही.

कॉलेजरोडची आई: 'परदेशी छळ' हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मारी टॅग्लिओनी ही नर्तकी १८३२ मध्ये पॅरिसला 'ला सिल्फीद' या बॅलेत बोटांच्या टोकांवर नाचली, तेव्हा तिच्या पायांत टोकाशी रफू करून घट्ट केलेल्या साटनच्या मऊ सपाता होत्या. आजच्या बॅलेच्या बुटाच्या टोकाशी कापड, कागद आणि खळ यांच्या थरांची कडक पेटी असते व तळाला ताठ पट्टी असते, त्यामुळे सगळा भार एकट्या अंगठ्यावर येत नाही. माझी मुलगी आधी सहा वर्षे मऊ बुटांतच पोटऱ्या आणि घोटे कमावत होती. आता नवा जोड आला की ती तळाची पट्टी हाताने वाकवून सैल करते, फिती स्वतः शिवते, आणि मला सुईलाही हात लावू देत नाही. जॉर्जिया या देशातील पुरुष नर्तक तर पेटीविना, मऊ चामड्याच्या बुटांत दुमडलेल्या बोटांवर नाचतात. त्याला मात्र कोणी छळ म्हणत नाही.

पंचवटीकर: आपली मुलगी सहा वर्षे थांबली. माझ्या भाचीला एका वर्गात दहाव्या महिन्यातच ते बूट चढवले, कारण संमेलनाचे फोटो चांगले यायला हवे होते. अंगठ्याचे नख काळे पडून गळाले, तेव्हा 'सवय होईल' एवढेच उत्तर मिळाले.

तत्कारवाली: भाचीचे वाईट वाटले, परंतु कथकात दुखत नाही हे आपणास कोणी सांगितले? दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरू बांधून मी वीस वर्षे शहाबादी फरशीवर तत्कार केला, म्हणजे तालावर पाय आपटले. आज जिना उतरताना कठडा धरावा लागतो. बुटांवर भांडण्यापूर्वी जमीन पाहा. काँक्रीटवर चिकटवलेली टाइल धक्का मुळीच शोषत नाही. नाचायला खाली पोकळी ठेवून बसवलेल्या, किंचित दबणाऱ्या लाकडी फळ्या लागतात.

हॉलवाला: ताई, आमच्या एकाच हॉलमध्ये सकाळी मुंज, दुपारी साड्यांचे प्रदर्शन आणि संध्याकाळी आपला वर्ग असतो. लोखंडी खुर्च्या ओढल्यावर त्या फळ्यांचे काय होईल? तासाच्या भाड्यात शंभर रुपये वाढवले, तर हेच पालक फोनवर आवाज चढवतात.

कॉलेजरोडची आई: संमेलनाच्या पोशाखासाठी आम्ही मुकाट्याने पैसे मोजतो, तेव्हा जमिनीसाठीही मोजू, आधी विचारून तर पाहा! वर्गातल्या टाइलवर नुसती सतरंजी अंथरतात, आणि गिरकी घेताना तीच पायात गुंडाळली जाते.

हॉलवाला: सतरंजी आमची नाही, वर्गाची आहे.

तत्कारवाली: वा! म्हणजे गुडघे तेवढे आमचे.

कॉलेजरोडची आई: पंचवटीकर, दहा महिन्यांत ते बूट घालणे चूकच, एवढे मान्य करते. वय साधारण अकरा-बारा आणि घोट्यात पुरेशी ताकद, या दोन्ही गोष्टी लागतात. त्यांतली एक असून भागत नाही. मात्र दोष घाईचा आहे, नृत्यप्रकाराचा नाही.

पंचवटीकर: मान्य केलेत, उपकार झाले. भाचीला आता कथकाला घातले आहे. तिथे जमीन कसली आहे, हे मात्र मी पाहिलेले नाही.

तत्कारवाली: उद्या जाऊन पाहा. चपला काढून चार उड्या मारा. टाचांना लगेच कळेल.