टँगोचे वर्ग भरतात, मिलोंगा मात्र रिकामी

हलकं_पाऊल
पुण्यात अर्जेंटाइन टँगोचा छोटा गट आहे. आठ आठवड्यांच्या वर्गाला वीसेक जण येतात, पुढच्या तुकडीपर्यंत चार-पाच उरतात. मिलोंगा (टँगोची नाचसभा) ठेवली की नवे खुर्च्या धरून बसतात आणि जुने आपापसांत नाचतात. हॉल साधारण ६०० चौरस फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल. आधी काय बदलावं? जाहिरातीचे सल्ले नकोत.

बांदोनेऑन
वर्गातून थेट मिलोंगेत ढकललं की माणसं गळतात. मधली पायरी म्हणजे प्राक्तिका: दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, दोन तास. संगीत चालू, पण मध्येच थांबायला, विचारायला, तेच पुन्हा करायला मुभा. मिलोंगेत फ्लोअरवर शिकवणं वर्ज्य, म्हणून ही सोय वेगळी लागते. १९४०च्या दशकात ब्युनॉस आयर्समधले पुरुष मिलोंगेत उतरण्याआधी पुरुषांच्याच प्राक्तिकांत घोटून घेत, तेही आधी फॉलोअर, म्हणजे नाच चालवणाऱ्या लीडरच्या इशाऱ्यावर पावलं टाकणारा, म्हणून.

दुसरं, शिकवता काय? आठ पावलांचा 'पासो बासिको' शिकवत असाल तर तो आधी बंद करा. त्यात लीडरचं पहिलं पाऊल उजव्या पायाने मागे जातं. रोंदा, म्हणजे फ्लोअरभर फिरणारी जोड्यांची रांग, घड्याळाच्या उलट दिशेने पुढे सरकत असते, त्यामुळे हे पाऊल थेट मागच्या जोडीच्या अंगावर. शिवाय पाठ केलेल्या आकड्यांत तिसऱ्या पावलाला वाट अडली की नवा लीडर गोठतो आणि पुढच्या वेळी खुर्चीच बरी म्हणतो. पहिले चार आठवडे एवढंच घ्या: चालणं, थांबणं, जागच्या जागी वजन बदलणं, बाजूचं पाऊल, आणि अर्धं पाऊल पुढे टाकून परत येणं. मग क्रूसे (एक पाय दुसऱ्यापुढे ओलांडणं) आणि पुढचा ओचो (आठच्या आकड्यासारखं वळत चालणं). बोलेओ (पाय हवेत झटकणं), गांचो (पायात पाय अडकवणं) या तुकडीत नकोच. एवढ्या ऐवजावर पाचव्या आठवड्यात एक संथ तांदा (सलग तीन-चार गाण्यांचा संच) निभावता येतो.

मिठीचा संकोच हे गळतीचं मोठं कारण, पण त्यावर कोणी बोलत नाही. सुरुवातीला फक्त एकमेकांच्या कोपरांखाली हात. नंतर दोघांच्या छातीमध्ये ए-फोर कागद धरून चालायला लावा, हात न लावता. कागद पडला तर कोणीतरी मागे रेललंय किंवा पायांकडे बघतंय. दर दोन गाण्यांनी जोडीदार बदला आणि हे नाव नोंदवतानाच सांगा.

तबकडीवाला
नवे बसून राहतात यात डीजेचाही हात असतो. एका तांद्यात एकच ऑर्केस्ट्रा, एकच काळ, एकच गायक. पहिलं गाणं ओळखीचं हवं, कारण काबेसेओ (नजरेने, मान डोलावून नाचायला विचारणं) त्याच्या पहिल्या काही सेकंदांतच होतो. तांद्यांचा क्रम नेहमीचा: दोन टँगो, एक वाल्स (वॉल्ट्झच्या तालातला), दोन टँगो, एक मिलोंगा (इथे सभा नव्हे, जलद तालाचा प्रकार). टँगोच्या तांद्यात चार गाणी, बाकीच्यांत तीन, मध्ये तीस-चाळीस सेकंदांची कोर्तिना (वेगळ्याच संगीताचा तुकडा). अशा एका फेरीला ६५ मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे तीन तासांत साधारण १६ तांदे. दहा जोड्या असतील तर प्रत्येक लीडरला प्रत्येक फॉलोअरबरोबर नाचूनही तांदे उरतात. कोर्तिना कापू नका. तेवढ्यात फ्लोअर रिकामं होतं, जोड्या सुटतात आणि जुन्यांचं टोळकं मोडतं.

पहिल्या तासात ऑर्केस्ट्रावाल्या कानारोचं १९३०च्या दशकातलं आणि दी सार्लीचं गायक रुफिनोबरोबरचं काम लावा. ठेका स्पष्ट, चाल सरळ. संगीतकार पुग्लिएसे शेवटच्या तासाला. पियाझोला ऐकायला घरी.

दिवे मंद केले असतील तर वाढवा. समोरच्या भिंतीपाशी बसलेल्याचे डोळे दिसत नसतील तर मान डोलावून विचारणार कसं? मग लोक खुर्चीपाशी जाऊन हात पुढे करतात आणि समोरच्याला नकार देणं अवघड होतं.

(परवान्याचं लक्षात असू द्या: भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण चालीवरचा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. पुग्लिएसे १९९५ला गेला.)

मोची_गल्ली
टाइलबद्दल. रबरी सोल टाइलला धरतो, पाय फिरत नाही आणि ओचोचा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. महागडे बूट लगेच नकोत. जुन्या फॉर्मल बुटाला मोच्याकडून चामड्याचा तळ लावून घ्या. पावसाळ्यात दमट हवेने फरशी चिकटते, तेव्हा टाल्कम शिंपडायचा मोह होतो. तो पसरतो, एखादा कोपरा काचेसारखा होतो आणि कोणीतरी घसरतं. आदल्या संध्याकाळी जवळजवळ कोरड्या पोछ्याने पुसा, रात्रभर वाळू द्या.

हलकं_पाऊल
आभार. लीडर कमी पडतात त्याचं काय? मुलांना अर्ध्या फीत घ्यावं असं काहींचं म्हणणं आहे.

बांदोनेऑन
नको. स्वस्तात आलेला लीडर तेवढ्याच सहज जातो आणि पूर्ण फी भरणाऱ्या मुलींना ते खटकतं. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दोन्ही भूमिका शिकवा: तासाचा पहिला भाग एक, दुसरा भाग दुसरी. लीडरही सुधारतो, कारण धक्का कसा लागतो ते त्याला स्वतःच्या पाठीवर कळतं.

तबकडीवाला
आणि ६०० फुटांत नवशिक्यांच्या बारा-तेराहून जास्त जोड्या एका वेळी उतरवू नका. एका जोडीला चाळीसेक चौरस फूट धरा, खुर्च्यांची जागा वजा करून.