एसएमएस मेला म्हणणाऱ्यांनी माझ्या आईचं रिकामं पिंप बघावं

मुठाकाठ:
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा सचिवांनी टाकलं, "यापुढे सगळ्या सूचना फक्त ग्रुपवर येतील. एसएमएस कोणी वाचत नाही, तो प्रकार संपला. बटणाचा फोन आहे ही सबब आता चालणार नाही." खाली सतरा अंगठे. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकतेय.

ज्यांना उद्देशून हे लिहिलंय त्यांना ते दिसणारच नाही, एवढंही कुणाच्या लक्षात आलं नाही. माझी आई ७९ वर्षांची, ए विंगमध्ये एकटी राहते. मी दोन इमारती सोडून. गेल्या महिन्यात टाकी धुतली. सूचना ग्रुपवर आली रात्री साडेदहाला, आणि तिच्यावर लगेच कुणाच्या तरी पुतण्याच्या मुंजीचे फोटो. मी नाही पाहिली. आईने सकाळी नळ सोडला तर नुसता फुस्स आवाज. पिंपाच्या तळाशी तांब्याभर पाणी होतं. त्यात तिने कुकर लावला, उरलेलं झाकून ठेवलं. मी तीन वाजता गेले तेव्हा कळलं की रक्तदाबाची गोळी तिने अर्ध्या फुलपात्रात घेतली होती, आणि तहान लागली तरी पुन्हा पाणी घेतलं नव्हतं. म्हणाली, "संध्याकाळी येईलच की."

मी स्वतः दिवसभर व्हॉट्सॲपवर असते, ते टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण जी गोष्ट माणसाला कळलीच पाहिजे, ती त्याच्या हातातल्या फोनवर पोचेल अशा वाटेने पाठवा. पाणी, लिफ्ट, वीज, आग. बाकी मुंजी ग्रुपवर करा.

धायरीफाटा:
आईंचं वाचून वाईट वाटलं. पण आता सचिवाची बाजूही ऐका. मी आमच्या १६८ फ्लॅटांचा सहा वर्षं सचिव आहे, बिनपगारी. एसएमएसने सूचना पाठवायची म्हणजे काय करायचं ते माहीत आहे का? आमच्यासारख्यांच्या प्लॅनमध्ये दिवसाला १०० एसएमएस. १६८ लोकांना पाठवायचे तर दोन दिवस लागतात. घाऊक पाठवायचे तर आधी डीएलटीवर, म्हणजे घाऊक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करा, पाठवणाऱ्याचं नाव दाखवणारा हेडर घ्या, मजकुराचा साचा मंजूर करून घ्या. टाकी धुवायला चार तास लागतात, साचा मंजूर व्हायला किती लागतात ते विचारू नका.

आणि एसएमएसच्या पेटीत असतं काय? कर्ज घ्या, रमी खेळा, प्लॉट घ्या, ओटीपी. त्यात तुमची टाकी कोण शोधणार? ग्रुपवर निदान कुणी पाहिलं ते मला दिसतं.

मुठाकाठ:
१६८ जणांना पाठवा असं मी कुठे म्हटलंय? आमच्याकडे बटणाचे फोन मोजून अकरा आहेत. मी काल विंगवार जाऊन यादी केली.

आणि "कुणी पाहिलं ते दिसतं" म्हणजे पोचलं असं नाही. वाचल्याची निळी खूण मुंजीचे फोटो बघतानाही उमटते.

बाणेरहून:
मला हा सगळा सूरच पटत नाही. तुम्हाला एसएमएसचं एवढं प्रेम येतंय, कारण त्याचे पैसे मोजल्याचं तुम्ही विसरलात. एकेका एसएमएसला रुपया जायचा. पॅक मारला तरी दिवाळी आणि एकतीस डिसेंबरला तो चालायचा नाही, नेमका ज्या दिवशी हवा त्याच दिवशी. २०११ मध्ये तर सप्टेंबरात दिवसाला १०० ची मर्यादा आली आणि नोव्हेंबरात २०० ची. व्हॉट्सॲपने ही लूट थांबवली.

माझा भाऊ जर्मनीत आहे. आई शेवटचे पाच महिने अंथरुणाला खिळली होती. रोज रात्री नऊला तो व्हिडिओ कॉलवर यायचा, मी फोन तिच्या उशीला टेकवून ठेवायचे. बोलणं गेलं होतं तिचं, ती नुसती स्क्रीनवर बोट फिरवायची, त्याच्या कपाळावर. हे १६० अक्षरांत कसं करणार होता? माझ्यासमोर व्हॉट्सॲपला नावं ठेवू नका.

मुठाकाठ:
ताई, तुमच्या आईबद्दल वाचून हात थांबला. मी नावं ठेवलेली नाहीत, पुन्हा एकदा वर वाचा एवढंच म्हणेन.

वारजेकर:
माझा अनुभव नेमका उलटा. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप जगभर बंद पडलं, सहा तासांच्या आसपास. त्याच रात्री वडील अतिदक्षता विभागात. बहीण आत, मी खाली रस्त्यावर, कोणती इंजेक्शनं आणायची ते तिने व्हॉट्सॲपवर टाकलेलं. पण तो मेसेज तिच्या फोनवरून गेलाच नव्हता. मी वीस मिनिटं औषधाच्या दुकानासमोर उभा, मला वाटलं अजून डॉक्टर आलेच नाहीत. शेवटी तिने साधा एसएमएस केला, तो लगेच आला. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, दवाखान्यातलं काहीही असो, एसएमएस नाहीतर सरळ फोन.

जुना तारवाला:
३१ वर्षं दूरसंचारमध्ये काढली, म्हणून दोन गोष्टी. एसएमएसला डेटा लागत नाही. तुम्हाला कॉल येतोय हे फोनला सांगायला टॉवर जी वाट वापरतो, तिच्यातच तो बसवलेला आहे. म्हणून एक कांडी रेंज असली तरी बहुतेक वेळा येतो. फोन बंद असेल तर मधलं केंद्र तो साठवून ठेवतं आणि फोन चालू झाला की पुन्हा पाठवतं.

आता दुसरी बाजू. त्याला कुलूप नाही. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला मेसेज वाचता येत नाही. एसएमएस कंपनीच्या यंत्रणेत उघडा असतो. आणि वेळेवर पोचेल याची हमी कुणीही दिलेली नाही. माझ्या डोळ्यांदेखत तीन-तीन तास अडकलेले आहेत. वरातीमागून घोडं आलं तर टाकीच्या सूचनेचा उपयोग काय?

पेठ_सदाशिव:
कौतुक पुरे. एसएमएसने मराठीचं जे वाटोळं केलं त्याबद्दल इथे एकालाही बोलावंसं वाटलं नाही. आमच्या पिढीने रोमन अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली ती याच्यापायी. पैसे वाचवायला स्वर गाळले, जोडाक्षरं गाळली, आणि आता हातात फुकट देवनागरी कळफलक असूनही लोक तसंच लिहितात. माझ्या पुतणीला "मी येतेय" देवनागरीत लिहायला लाज वाटते. पंचवीस वर्षांत आपली लिपी आपल्याच घरात परकी झाली.

बाणेरहून:
याचा टाकीशी काय संबंध?

पेठ_सदाशिव:
भाषेचा संबंध सगळ्याशी असतो.

वारजेकर:
पेठकर, आळशीपणा लोकांचा आणि खापर एसएमएसवर? फोनमध्ये देवनागरी होती की. माझ्याकडे २००५ साली होती.

पेठ_सदाशिव:
होती, आणि तुम्ही किती वेळा वापरलीत? खरं सांगा.

जुना तारवाला:
इथे मला पेठकरांच्या बाजूने बोलावं लागतंय, मनात नसताना. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांचं, म्हणून १६० बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हाला सोळा बिट, म्हणून फक्त ७०. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं मोजतात. "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" लिहा. डोळ्याला बारा अक्षरं दिसतात, फोन २९ मोजतो. नाव आणि आशीर्वाद घातला की दुसऱ्या एसएमएसचे पैसे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला तो नाताळच्या शुभेच्छांचा. माप त्यांच्या लिपीचं, आपण त्यात कोंबून बसलो.

पेठ_सदाशिव:
धन्यवाद. हेच म्हणत होतो. आपल्या भाषेला निम्म्याहून कमी जागा आणि पैसे तेवढेच.

वारजेकर:
बरं, मान्य, मला हा हिशेब माहीत नव्हता. पण मग आज रोमन लिहिणाऱ्यांना काय सबब? व्हॉट्सॲपवर तर जागा मोजत नाहीत. आमच्या घरी बायकोने रोमनमध्ये विचारलं, "कधी करू?" पाहुणे कधी बोलवायचे ते विचारतेय असं समजून मी लिहिलं, "रविवारी". घरी आलो तर ताकाचं पातेलं तसंच. ती कढीचं विचारत होती. के-ए-डी-एच-आय, दोन्हींचं स्पेलिंग एकच. त्यावरून दोन दिवस धुसफूस. व्हॉट्सॲपने तुमची लिपी वाचवलेली नाही, पेठकर.

धायरीफाटा:
माझ्या ग्रुपवर निम्म्या सूचना रोमनमध्येच येतात. मीही तशाच टाकतो. ज्येष्ठ लोक विचारतात, "हे काय लिहिलंय?" मग फोन करून सांगावं लागतं. हे कबूल करायला मला आवडत नाही, पण चूक आहे.

पेठ_सदाशिव:
मग सुधारा ना. सचिव तुम्ही, बोटं तुमची.

धायरीफाटा:
रात्री अकराला पंपवाला फोन करतो, वॉचमन दारात उभा, बायको जेवायला बोलावतेय. तेव्हा जोडाक्षरं शोधत बसू? एक वर्ष सचिवपद घेऊन दाखवा. घरात बसून मराठी वाचवणारे खूप बघितले.

पेठ_सदाशिव:
वैयक्तिक होऊ नका. मी २२ वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, घरात बसून नाही.

बाणेरहून:
मुद्द्यावर या. एसएमएसवर खात्री असते असं वर कुणी सुचवलंय त्यांना विचारते, ऑगस्ट २०१२ विसरलात? अफवांचे एसएमएस फिरले आणि पुण्यातून, बंगळुरूतून ईशान्येकडची मुलं गाड्या भरभरून गावी गेली. सरकारने पंधरा दिवसांसाठी घाऊक एसएमएस बंद केले, सुरुवातीला माणशी दिवसाला पाच. माझ्या वर्गातल्या दोघी मणिपूरच्या होत्या. एक परत आलीच नाही, तिचं शेवटचं वर्ष राहिलं.

वारजेकर:
आणि १ जुलै २०१८ चं राईनपाडा? धुळे जिल्ह्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच गोसाव्यांना मुलं पळवणारे समजून मारून टाकलं. ती अफवा व्हॉट्सॲपवरच फिरत होती. त्यानंतरच व्हॉट्सॲपने एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवायची मर्यादा आणली.

बाणेरहून:
म्हणजे दोन्हीकडे माणसंच वाईट.

वारजेकर:
नाही. एसएमएसला पैसे पडायचे म्हणून माणूस एकदा तरी विचार करायचा. फुकटात विचार संपला.

मुठाकाठ:
धागा माझा आहे म्हणून पुन्हा सांगते, पुराचं सांगायचं राहिलं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि पुण्यात नदीकाठच्या एकतानगरीत घरांत शिरलं. माझी मैत्रीण तिथे तळमजल्यावर. वीज गेली, त्याबरोबर वायफाय गेलं, आणि मोबाइलच्या डेटावर सगळ्या रस्त्यावरची माणसं एकदम तुटून पडली. तिच्या ग्रुपवर शेकडो मेसेज अडकलेले, ते सकाळी नऊला एकदम आले. मधल्या वेळात तिला माझा एसएमएस मिळाला, "वरच्या मजल्यावर जा, गॅस बंद कर". तिने तो मला नंतर दाखवला, ५ वाजून ४० मिनिटांचा. गाडी गेली, गाद्या गेल्या, पण ती आणि सासूबाई वर पोचल्या होत्या.

नदीकाठच्या माणसांना प्रशासनाने एसएमएसच पाठवावा, ॲप उतरवून घ्यायला सांगू नये.

जुना तारवाला:
इथे थोडी दुरुस्ती. एकेक नंबर करत लाखो लोकांना एसएमएस पाठवले तर तेही तुंबतात. पुरासाठी योग्य गोष्ट म्हणजे सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले आणि पडद्यावर चाचणीचा इशारा आला, आठवतंय? तो एसएमएस नव्हता. त्यात टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टप्प्यातले फोन ऐकतात. नंबर लागत नाही, गर्दीत अडकत नाही. मात्र आईंच्या बटणाच्या फोनवर तो वाजेलच असं नाही, जुन्या फोनांत ती सोय बहुधा बंद असते. सेटिंग उघडून बघा.

मुठाकाठ:
आत्ताच जाऊन पाहिलं. बंद होतं, चालू केलं. हे मला वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं.

धायरीफाटा:
ठीक आहे. तुमच्या अकरांसारखे आमच्याकडे चौदा निघतील. तेवढ्यांना मी स्वतःच्या फोनवरून पाठवीन. पण लांबलचक निबंध लिहिणार नाही, आणि देवनागरीत ७० मध्ये सूचना बसते असं कुणी तरी आधी दाखवा.

पेठ_सदाशिव:
घ्या. "उद्या १० ते ४ पाणी बंद. टाकी धुणार. भरून ठेवा." मोजून ४६.

जुना तारवाला:
"उद्या" लिहू नका. एसएमएस रात्री अडकून दुसऱ्या दिवशी पोचला, तर माणूस तिसऱ्या दिवशी पिंपं भरून बसेल. वार घाला. आणि १० सकाळचे की रात्रीचे?

पेठ_सदाशिव:
"मंगळवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद. टाकी धुणार. भरून ठेवा." आता ६२. काना-मात्रा धरून, दोनदा मोजलंय.

धायरीफाटा:
बसतंय. साठवून ठेवतो. "धुणार"च्या जागी "साफ करणार" लिहिलं तर?

पेठ_सदाशिव:
६६. बसेल, पण धुणार बरं आहे.

मुठाकाठ:
हाच मजकूर आमच्या सचिवांना पाठवतेय, आईच्या नंबरसकट. आईलाही पाठवून पाहिला. तिचा लगेच फोन आला, मंगळवारी खरंच बंद आहे का, पिंप आत्ताच भरू का म्हणून.