संदर्भसूचीत नावं दिलीत तरी ३४ टक्के सिमिलॅरिटी?

अर्धवट_एमए:
एमए सेकंड इयर, इतिहास. डिसर्टेशन (प्रबंध) संयुक्त महाराष्ट्र चळवळीवर चाललंय. मॅडमनी पहिला चॅप्टर मजकूर दुसरीकडे जुळतो का बघणाऱ्या सॉफ्टवेअरला टाकला तर ३४ टक्के सिमिलॅरिटी (जुळणारा मजकूर) आली, म्हणाल्या असंच जमा केलंस तर वाट लागेल. पण मी कॉपीपेस्ट केलेलं नाहीये हो, प्रत्येक वाक्यातले शब्द बदललेत, 'आंदोलन'चं 'लढा' केलं, आणि जिथून घेतलं ती सगळी पुस्तकं शेवटी संदर्भसूचीत आहेत. मग चोरी कशी? आणि ओळीओळीला तळटीप द्यायची तर माझं स्वतःचं काय उरलं?

तळटीपवाली:
हे म्हणजे दुसऱ्याचा शर्ट बटणं बदलून घालणं झालं 😀 मीही एमएला हेच केलेलं. वाक्याचा सांगाडा तोच, मुद्द्यांचा क्रम तोच. पान दोनदा वाच, पुस्तक मिट, चहा करून ये आणि मग मित्राला सांगतोयस असं लिही, नावं आकडे नंतर पुस्तक उघडून तपास. तरीही तळटीप लागतेच बरं का, शब्द तुझे असले तरी मुद्दा त्यांचाच आहे, आणि शेवटच्या यादीवरून कुठली ओळ कुणाची ते कळत नाही. भाषणातली एखादी ओळ वगैरे असेल तर ती जशीच्या तशी, अवतरणचिन्हात, पान नंबरासकट.
ओळीओळीला नको रे. १ मे १९६० ला राज्य झालं याला कोण संदर्भ मागतंय? पण हुतात्म्यांचा आकडा लिहिलास तर दे, कुठे १०५ असतो कुठे १०६.

ग्रंथालयवाले_काका:
यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम वाच. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये सुधारून जास्तीत जास्त ६ महिन्यांत परत द्यायचं, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. तू अजून जमा केलेलं नाहीस, घाबरू नकोस. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात मोजत नाहीत, तेव्हा मॅडमना विचार ३४ हे धरून की वगळून.

अर्धवट_एमए:
थँक्यू काका. आणि इंग्रजी पुस्तकातून मराठीत केलेलं? ते सॉफ्टवेअरला सापडलंच नाही 🙈

तळटीपवाली:
इथे बोललास, मॅडमसमोर नको बोलूस. सापडलं नाही म्हणून ते तुझं होत नाही. एपीए म्हणून संदर्भ द्यायची एक पद्धत आहे, तिच्यात तर आपण केलेला अनुवाद पॅराफ्रेजच (आपल्या शब्दांत मांडलेला मजकूर) धरतात, अवतरणचिन्ह नको पण लेखक आणि वर्ष हवंच.

अर्धवट_एमए:
आत्ता मोजले. असे अकरा पॅरे निघाले. चहा ठेवतो.