मदत हवी आहे: उपचार घेण्यातला धोका लोकांना किती वाटतो, हे मोजायचे कसे?

मृद्गंध (इंदूर):
नमस्कार. माझ्या पदव्युत्तर प्रबंधासाठी रामबाग आणि नारायण बाग भागांतील मराठी कुटुंबांत सर्वेक्षण चालू आहे. उपचार घेण्यात लोकांना किती धोका वाटतो, हे पाच पर्यायांच्या लिकर्ट मापनीवर विचारते आहे. अडचण अशी की बहुतेक सर्वजण ‘मुळीच धोका वाटत नाही’ या पर्यायावर खूण करतात आणि तेच लोक डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी महिनोन्‌महिने पुढे ढकलतात. क्रॉनबाख अल्फा (मापनीच्या विश्वासार्हतेचा निर्देशांक) ०.८६ आला आहे, म्हणजे मापनी ठीक असली पाहिजे. शुक्रवारी मार्गदर्शकांना निष्कर्ष दाखवायचे आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

आकडेमोड:
अल्फा चांगला आला म्हणून मापनी ठीक, असे होत नाही. प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळतात, एवढेच तो सांगतो. आपण जे मोजू म्हणतो तेच मोजले जात आहे का, याबद्दल तो काहीही सांगत नाही. एकच प्रश्न शब्द फिरवून आठ वेळा विचारला तरी अल्फा उत्तम येईल. प्रश्न नेमके कोणते आहेत, ते इथे दिल्याशिवाय कोण काय सांगणार?

मृद्गंध:
प्रश्न साधेच आहेत. ‘रुग्णालयात जाणे धोक्याचे आहे’, ‘उपचारांमुळे अपाय होऊ शकतो’, अशा धर्तीचे. उत्तरदाते चाळिशीच्या पुढचे आहेत.

जुना_इंदूरकर:
सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. हे तुम्ही घरोघर सांगितलेत तर लोक आपोआप तपासणीला जातील.

परिचारिका:
काका, ताईंना लोकांना रुग्णालयात पाठवायचे नाही, ते का जात नाहीत हे मोजायचे आहे. ताई, मी बाह्यरुग्ण विभागात बरीच वर्षे काम केले आहे. ‘रुग्णालय धोक्याचे’ असे तिथे क्वचितच कोणी म्हणते. ‘एकदा आत गेलो की भरती करून घेतील’, ‘मुलाला रजा काढावी लागेल’, ‘नसते काहीतरी निघेल’, हे मात्र रोज ऐकू येते. ग्राहकांच्या बाबतीत जेकोबी आणि कॅप्लन या संशोधकांनी १९७२ मध्येच आर्थिक, शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि वस्तू कामाला न येण्याचा, असे धोक्याचे वेगवेगळे प्रकार मोजून दाखवले होते. तुमचे सगळे प्रश्न शारीरिक धोक्यावरच थांबलेले दिसतात. शिवाय मुलाखत कुठे घेता आणि त्या वेळी जवळ कोण असते?

मृद्गंध:
घरीच घेते, आणि घरात माणसे असणारच. एका आजोबांनी सर्व प्रश्नांना ‘मुळीच नाही’ म्हटले. त्यांच्या मागे भिंतीवरच्या कालनिर्णयला सोनोग्राफीची चिठ्ठी टाचणीने लावलेली होती आणि तिची घडी पिवळी पडली होती. सूनबाई दारातच उभ्या होत्या, परंतु त्या मध्ये काही बोलल्या नाहीत.

परिचारिका:
त्यांना बोलण्याची गरजच नव्हती. सुनेसमोर कोणते आजोबा ‘मला भीती वाटते’ म्हणतील?

आकडेमोड:
मग शब्दांचे पर्याय सोडा आणि थेट शेकड्यात विचारा: ‘ही तपासणी केली तर अपाय होण्याची शक्यता ० ते १०० मध्ये किती?’ विश्लेषणही सोपे जाते.

बडोदेकर:
विश्लेषण सोपे जाईल, उत्तरे मात्र फसवी येतील. फिशहॉफ आणि ब्रुइन द ब्रुइन यांनी १९९९ मध्येच दाखवले आहे की अशा प्रश्नांना ‘५०’ म्हणणाऱ्या अनेकांच्या मनात ‘सांगता येत नाही’ एवढेच असते. शिवाय सामान्य माणूस धोका तोलताना फक्त शक्यता पाहत नाही. ती गोष्ट किती धास्ती घालते, किती अनोळखी आहे, याने त्याचा अंदाज ठरतो, हे स्लोविक यांनी १९८७ च्या लेखात मांडले आहे. माझ्या मते त्रयस्थ प्रसंग द्यावा: ‘तुमच्या वयाच्या एका शेजाऱ्यांना डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली आहे, ते का जात नसतील?’ इथे बडोद्यात आमच्या गटाला अशाच प्रश्नांतून मोकळी उत्तरे मिळाली.

आकडेमोड:
मोकळी मिळाली असतील, पण ती शेजाऱ्यांबद्दलची! संकट आपल्यापेक्षा दुसऱ्यावर येण्याची शक्यता जास्त, असे माणसे धरून चालतात, हे वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये दाखवले आहे. शेजाऱ्याच्या नावाने मिळालेला आकडा उत्तरदात्याचा म्हणून प्रबंधात घालता येणार नाही.

बडोदेकर:
आकडा घालू नका, कारणे घ्या. त्या कारणांवरून प्रश्न तयार करा आणि ते मात्र स्वतःबद्दलच विचारा. प्रत्येक प्रश्न एका ठरावीक कृतीला आणि मुदतीला बांधलेला हवा. ‘येत्या महिन्यात ही तपासणी केली, तर पुढील गोष्टींची किती काळजी वाटते?’ आणि लगेच जोडीला, ‘केली नाही, तर कशाची काळजी वाटते?’ माणूस मनात या दोन्ही बाजू तोलत असतो. मृद्गंध ताईंच्या प्रश्नावलीत न जाण्याची बाजूच नाही, म्हणून चिठ्ठी टांगून ठेवणारे आजोबा त्यात कुठेच दिसत नाहीत.

आकडेमोड:
हे मान्य आहे. एक जोड मात्र देतो. जाऊन आलेल्यांची भीती त्या अनुभवाने बदललेली असते, त्यामुळे त्यांना न गेलेल्यांत मिसळून भीती आणि तपासणीला जाणे यांचा सहसंबंध काढला तर तो उलटाही येऊ शकतो. दोन्ही गट वेगळे ठेवा.

मृद्गंध:
सर्वांचे आभार, परंतु शुक्रवारच्या आत नवी प्रश्नावली कशी होणार? आणि भरून घेतलेल्या अर्जांचे काय करायचे?

परिचारिका:
शुक्रवारी निष्कर्ष दाखवू नका, अडचण दाखवा. प्रश्न बदलले की संस्थेच्या नैतिकता समितीकडे सुधारित प्रश्नावली द्यावी लागते, तिची मंजुरी येईपर्यंत नव्या मुलाखती घेऊ नयेत. भरलेले अर्ज पूर्वचाचणी म्हणून वेगळे ठेवावेत. नव्या उत्तरांत ते मिसळू नयेत. आणि पुढच्या वेळी उत्तरदात्याला प्रश्नावली स्वतः भरू द्यावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांची मुलाखत घराबाहेरच्या ओट्यावर घ्यावी.

जुना_इंदूरकर:
त्या आजोबांचे वय सत्तरच्या पुढे आहे का, हे कोणीच विचारले नाही.